अमेरिकेतली 'फक्त गोऱ्यांची' गावं : नाशकात बसून पुरावा कसा शोधायचा?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. एम.ए. इतिहास, शेवटचं वर्ष, नाशकातच. डिझर्टेशनला मी अमेरिकेतली सनडाउन टाउन्स घेतलीयेत. म्हणजे अशी गावं जिथे काळ्या माणसाने दिवसा येऊन काम करावं, बाजार करावा, पण दिवस मावळायच्या आत गावाबाहेर व्हावं, आणि राहायला तर यायचंच नाही. वेशीवर तशा पाट्या लावलेल्या असायच्या. दक्षिणेतला वंशभेद आपल्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरता तरी येतो, पण ही गावं जास्त करून उत्तरेत आणि मधल्या राज्यांत, इलिनॉय, इंडियाना, ओहायो असल्या ठिकाणी, म्हणजे गुलामगिरीविरुद्धच्या युद्धात ज्यांनी माणसं पाठवली त्याच राज्यांत, हे वाचलं तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाहीये.

अडचण अशी की सर म्हणतात, "ठीक आहे, पण ठराव कुठाय? नगरपालिकेने ठराव केला असेल ना, तो दाखव." मी शोधतेय शोधतेय, काही मिळत नाहीये. इलिनॉयमधल्या एका छोट्या गावाची शताब्दी स्मरणिका ऑनलाइन मिळाली, त्यात बँडपथक आहे, रेल्वे कधी आली ते आहे, पहिला डॉक्टर कोण, चर्चचा कळस कधी पडला, सगळं आहे, आणि काळ्या लोकांबद्दल एक ओळ नाही. होते की नव्हते तेही नाही. आता 'उल्लेख नाही' हा पुरावा म्हणून कसा लावायचा?

तर प्रश्न : (एक) ठराव नसेल तर काय धरतात पुरावा म्हणून? (दोन) फुकट काय काय बघता येईल, कारण पैसे भरायच्या वेबसाइटी डॉलरमध्ये आहेत आणि माझं बजेट झेरॉक्सचं आहे. (तीन) गाव निवडायचं कसं, का अख्खी काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, घेऊ?

---

अंबडवाला

ताई राग मानू नका पण अमेरिकेत कशाला जायचं? काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला तो पाच वर्षं चालला, पंचवटीत जाऊन उभं राहता येतं, कागद मराठीत आहेत, ज्यांच्या आज्या-पणज्या त्यात होत्या ती घरं अजून आहेत इथे. आणि आजचंच बघायचं तर कॉलेज रोडला भाड्याने फ्लॅट बघायला जा, तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात, तेही गोड बोलून. ते सोडून इलिनॉय.

---

गोदाकाठची

@अंबडवाला दादा राग नाही, घरीही हेच ऐकते. पण सत्याग्रहावर आमच्याच डिपार्टमेंटला आधी काम झालंय, मला तेच पुन्हा लिहायचं नाहीये. आणि हा विषय आपल्याला इतका परकाही नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते, आणि पुढे १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने युनोकडे जो अर्ज गेला होता त्याची प्रत मागितली होती. पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने स्कॅन करून ठेवलाय, कुणीही वाचू शकतं. म्हणजे नाशिक-येवल्याच्या लढ्याचा नेता तिकडे बघत होता, तर मी का नको?

---

जेलरोड_काका

पोरी विषय चांगला आहे, सोडू नकोस. एक जोड देतो. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून मोकळं केलं म्हणून. तो काळ बघ. तेव्हा युद्धानंतरची पुनर्रचना चालू होती, काळे लोक मतदान करत होते, निवडूनही येत होते. १८७७ ला दक्षिणेतून केंद्राचं सैन्य काढून घेतलं आणि उलटं चक्र सुरू झालं. ही गोऱ्यांचीच गावं मुख्यतः १८९० ते १९४० च्या दरम्यानची, आणि जोतीराव गेले ते नोव्हेंबर १८९० मध्ये. म्हणजे ज्या समाजाचं त्यांनी भर पानावर कौतुक केलं त्याने पुढे काय केलं ते त्यांना बघायला मिळालंच नाही. तुझ्या प्रस्तावनेला हे पुरेल. मात्र इथली जात आणि तिथला वंश यांची तुलना दोन पानांच्या वर ताणू नकोस, परीक्षक तिथेच पकडतात, आणि खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी त्यात पातळ होतात.

---

इंदिरानगर_ते_इलिनॉय

अरे वा, हा धागा माझ्यासाठीच निघाला वाटतं. मी मूळचा इंदिरानगरचा, दक्षिण इलिनॉयमध्ये बरीच वर्षं राहिलोय, इतिहासवाला नाही, आयटीवाला, पण या विषयाचं वेड लागलं होतं एके काळी. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सरांना सांग की ठराव शोधणं हीच चुकीची सुरुवात आहे. यावर सगळ्यात मोठं काम केलं जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञाने, तो स्वतः इलिनॉयमधल्या डिकेटरचा, पुस्तक २००५ चं, माणूस २०२१ ला गेला. त्याला सुरुवातीला वाटलं होतं इलिनॉयमध्ये अशी दहाएक गावं सापडतील, निघाली शेकड्याने. आणि त्यातल्या बहुतेकांचा लेखी ठराव हाती लागत नाही. काही ठिकाणी लोक छातीठोकपणे सांगतात की आमच्याकडे कायदाच होता तसा, दप्तर उघडलं तर काही नाही. कारण कायद्याची गरजच नव्हती. शेरीफ, दुकानदार, घरमालक, शाळेचं बोर्ड सगळे एकाच बाजूचे असले की कागद कशाला करायचा? आपल्याकडे पाणवठ्यावर कुणी जायचं नाही याचा ग्रामपंचायतीने ठराव केला होता का कधी?

मग धरायचं काय? शिरगणती. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होते आणि वंशाचा रकाना पहिल्यापासून आहे. लोवेनची पद्धत साधारण अशी की हजाराच्या वर वस्तीचं गाव घ्यायचं आणि दशकामागून दशक तिथे काळे लोक दहाच्या आत आहेत का बघायचं. पण नुसत्या आकड्यावर शिक्का मारायचा नाही, हे महत्त्वाचं. कधी कुणी आलंच नसेल अशीही गावं असतात ना. तर आधी होते आणि मग अचानक गेले असं दिसतंय का, शेजारच्या गावात आहेत आणि इथे नाहीत असं आहे का, हे बघायचं, आणि त्याला दुसरा पुरावा जोडायचा, वर्तमानपत्र, जुन्या लोकांच्या मुलाखती, स्थानिक इतिहास, पाटीची आठवण. आकड्याने संशय येतो, बाकीच्याने पक्कं होतं.

आता उदाहरण. ॲना नावाचं गाव आहे, युनियन काउंटी, इलिनॉय. त्याच्या दक्षिणेला केरो, जिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. दोन्ही गावं इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या एकाच लाइनवर. नोव्हेंबर १९०९ मध्ये केरोत एका गोऱ्या मुलीचा खून झाला, ती मूळची ॲनाची. विल्यम जेम्स नावाच्या काळ्या माणसावर आळ आला आणि खटला वगैरे काही न होता हजारोंच्या जमावाने भर चौकात त्याला मारलं. त्यानंतर ॲनामधल्या काळ्या लोकांना हाकलून दिलं. आता शिरगणती बघ, १९१० ला केरोत तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक काळे आणि त्याच लाइनवर थोडं वर ॲनात जवळपास कुणी नाही, आणि पुढची कित्येक दशकं हेच. याला योगायोग कोण म्हणेल?

पण पानं स्वतः उघडून बघ, नुसत्या बेरजेवर जाऊ नकोस. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढलं की १९४० पर्यंतची हस्तलिखित पानं दिसतात, आणि १९५० ची १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, ती तिकडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर, तीही फुकट. (७२ वर्षांनी खुली करतात, म्हणून १९६० ची आपल्याला एवढ्यात नाही.) १८९० ची पानं शोधत बसू नकोस, १९२१ च्या आगीत आणि नंतर जवळपास सगळी गेली, पण त्या सालच्या छापील बेरजा आहेत. तर पान उघडलं की डावीकडे रस्त्याचं नाव उभं लिहिलेलं असतं, मग घर क्रमांक, नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, मग लिंग, वंश, वय. वंशाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू असं, आणि मधेच कुठे 'बी' (ब्लॅक; १९३० पासूनच्या पानांत 'निग') दिसलं की थांब आणि नात्याचा रकाना बघ. तिथे 'सर्व्हंट' असेल तर ती बाई गोऱ्या घरात राहून काम करणारी आहे. सनडाउन गावांत आणि श्रीमंत उपनगरांत तेवढी सूट असायची. म्हणजे बेरजेत चार काळे दिसतात आणि चौघंही कुणाच्या तरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत, स्वतःचं घर एकालाही नाही. दुसरा सापळा संस्थांचा. तुरुंग, वसतिगृह, इस्पितळ यातली माणसं गावाच्या बेरजेत येतात. ॲनातच सरकारी मनोरुग्णालय आहे, एकोणिसाव्या शतकातलं. बेरीज फुगली की आधी तिथला पत्ता तपास.

सगळ्या काउंट्यांचे आकडे एकदम हवे असतील तर मिनेसोटा विद्यापीठाचं एनएचजीआयएस आहे, १७९० पासूनचे काउंटीवार तक्ते, फुकट, एक्सेलला उघडतात. आणि लोवेनने जमवलेल्या गावांची यादी आता मिसिसिपीतल्या टूगालू कॉलेजकडे आहे, ऑनलाइन, राज्यवार. तिथे प्रत्येक गावापुढे पक्कं, बहुधा, शक्यता अशी श्रेणी दिलीय. ती यादी पुरावा म्हणून लावू नकोस, दिशा म्हणून घे, कारण काही नोंदी नुसत्या कुणाच्या तरी ईमेलवरच्या आहेत.

---

सीबीएस_वकील

ठरावाच्या मुद्द्याला कायद्याचं उत्तर आहे ते सरांना द्या, लगेच पटेल.

१९१० ला बाल्टिमोरने चक्क ठराव केला की गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यांनी राहायला जायचं नाही. त्याची नक्कल बऱ्याच शहरांनी केली. लुइव्हिलचा ठराव सुप्रीम कोर्टात गेला आणि १९१७ ला बुकॅनन विरुद्ध वॉर्लीमध्ये रद्द झाला. गंमत म्हणजे मुख्य आधार समानता नव्हता, मालकाचा आपली मिळकत हव्या त्याला विकायचा हक्क होता. म्हणजे १९१७ नंतर शहाणी नगरपालिका असलं काही लिहून ठेवेल कशाला?

मग ते सगळं सरकलं खरेदीखतात. "ही मिळकत अमुक वंशाच्या इसमास विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये." जमिनीबरोबर चालणारी अट, म्हणजे पुढच्या प्रत्येक खरेदीदारावर बंधनकारक. मिनिॲपोलिसच्या १९१० च्या एका खतात चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोल, आफ्रिकन अशी अख्खी यादीच आहे, एवढे तुर्क तिथे घर घ्यायला आले होते की नाही देव जाणे. खाजगी करार आहे, घटना आड येत नाही, असं म्हणत १९२६ ला सुप्रीम कोर्टाने हात वर केले. १९४८ ला शेली विरुद्ध क्रेमर. सेंट लुईसमधल्या एका काळ्या कुटुंबाने घर घेतलं, त्या मिळकतीवर १९११ ची अट होती, शेजारी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्ट म्हणालं अट लिहा खुशाल, पण कोर्ट ती अंमलात आणून देणार नाही. निकाल ६-०, कारण नऊपैकी तीन न्यायमूर्ती सुनावणीला बसलेच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरांवर तसल्या अटी होत्या म्हणून, असं तेव्हापासून बोललं जातं. भेदभाव बेकायदा ठरला तो १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने.

आता कामाचं. हे दस्त बघायचे कसे तर आपल्याकडे आम्ही सर्च घेताना इंडेक्स टू काढतो ना, तिकडे काउंटी रेकॉर्डरकडे विकणारा-घेणारा अशी नावांची सूची असते, तीवरून बुक आणि पान नंबर. बऱ्याच काउंटींचे जुने खंड स्कॅन झालेत, सगळ्यांचे नाहीत. आणि एक एक वाचत बसायची गरज नाही. मिनेसोटा विद्यापीठाचा मॅपिंग प्रेज्युडिस म्हणून प्रकल्प आहे २०१६ पासून, त्यांनी लाखो दस्त कॉम्प्युटरकडून चाळून संशयित पानं बाजूला काढली आणि ती तपासायला स्वयंसेवक बसवले, झूनिव्हर्स नावाच्या साइटवरून. तिथे घरबसल्या कुणीही बसू शकतं, गंगापूर रोडवरूनसुद्धा. थोडे दस्त वाच, भाषा अंगवळणी पडेल.

---

गोदाकाठची

बापरे. एवढं मिळेल वाटलं नव्हतं, खूप आभार दोघांचे. @सीबीएस_वकील सर, १९१७ चा मुद्दा उद्याच दाखवते. पण अट होती तर बँकेने, सरकारने काही म्हटलं नाही का? म्हणजे कर्ज देणारे तर सरकारीच होते ना पुढे.

---

सीबीएस_वकील

म्हटलं ना, उलट्या बाजूने. १९३४ ला एफएचए निघाली, गृहकर्जाला सरकारी हमी देणारी. तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच अशा अटी असाव्यात अशी शिफारस होती. त्याच्या आधी १९३३ ला एचओएलसी, तीही गृहकर्जाचीच सरकारी संस्था, तिने १९३५ ते ४० मध्ये दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा, निळा, पिवळा, लाल, म्हणजे हिरवा कर्जाला सगळ्यात चांगला आणि लाल सगळ्यात धोक्याचा. काळ्यांची वस्ती असली की बहुतेक लालच. नकाशाबरोबर प्रत्येक भागाचा टाइप केलेला फॉर्म आहे, त्यात 'निग्रो' असा चक्क वेगळा रकाना, किती टक्के ते भरायचं. रिचमंड विद्यापीठाने सगळे नकाशे आणि फॉर्म ऑनलाइन टाकलेत, मॅपिंग इनइक्वॅलिटी नावाने. पण ते मोठ्या शहरांचं काम, तुझं गाव लहान असेल तर त्यात सापडणार नाही.

---

पिंपळगावकर

हे सगळं काळ्या लोकांपुरतं धरू नका, आपल्या माणसांनाही हाकललंय. ४ सप्टेंबर १९०७, बेलिंगहॅम, वॉशिंग्टन राज्य. लाकूड गिरण्यांत काम करणारे पंजाबी, बहुतेक शीख, शेकडो गोऱ्यांचा जमाव रात्री त्यांच्या खोल्यांत घुसला, मारहाण केली, सामान रस्त्यावर फेकलं, बऱ्याच जणांना रात्रभर सिटी हॉलमध्ये कोंडून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत सगळे गाव सोडून गेले. तिथल्या पेपरांनी सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हटलंय. शिरगणतीतही तेच, १९३० आणि ४० च्या तक्त्यात वंशाच्या रकान्यात 'हिन' असा वेगळा कोड होता, शीख असो मुसलमान असो 'हिन'. आणि १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं हे गोरे नव्हेत, त्यांना नागरिकत्व नाही, आणि ज्यांना आधी दिलं होतं त्यातल्या अनेकांचं काढूनही घेतलं.

चिन्यांचं त्याआधीचं. १८८२ ला त्यांच्या येण्यावर बंदीचा कायदा झाला आणि १८८५ ला कॅलिफोर्नियातलं युरेका आणि वॉशिंग्टनमधलं टकोमा, दोन्ही गावांनी चिनी वस्ती उठवून लावली. टकोमाला तर महापौर स्वतः जमावात. गोदाकाठच्या ताईंनी यावरच करावं असं माझं मत, भारतीय वाचकाला जवळचं वाटेल, आणि पुण्या-मुंबईत कुणी केलेलं दिसत नाही.

---

अंबडवाला

@पिंपळगावकर हे माहीत नव्हतं राव. शाळेत गदर पार्टी शिकवली पण ही माणसं तिथे कशी जगत होती ते कुणी सांगितलं नाही. बरं मग गदर याच रागातून आली का?

---

पिंपळगावकर

१९१३ ला तिकडेच पश्चिम किनाऱ्यावर स्थापन झाली, गिरणी कामगार आणि शेतमजूर हाच तिचा पाया. एकट्या बेलिंगहॅमवर सगळं टाकता येणार नाही, पण अपमान खाल्लेली माणसं तीच.

---

गोदाकाठची

मोह होतोय खरा, पण बेलिंगहॅम एका रात्रीचं आहे आणि त्याच्या बातम्या तेव्हाच छापून आल्या, लपलेलं काही नाही त्यात. मला नेमकं ते हवंय जे गावाने स्वतःच्या इतिहासातून पुसलं. म्हणून ॲना किंवा जॉर्जियातली फोरसिथ काउंटी अशा दोनवर आलेय.

फोरसिथचं थोडं वाचलंय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९१० ला तिथे काळ्यांची संख्या १०९८. सप्टेंबर १९१२ मध्ये एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, ती नंतर वारली. आळ आलेल्यांपैकी एकाला कमिंग गावात जमावाने जेलमधून ओढून मारलं, दोन पोरांना, दोघंही वीसच्या आतले, घाईघाईत खटला चालवून ऑक्टोबरमध्ये फाशी. आणि मग रात्री घोड्यावरून टोळ्या हिंडल्या, घरं-चर्चं जाळली, अख्खी काउंटी रिकामी केली. त्यांच्या जमिनींचं काय झालं हे वाचताना मला आपला सातबारा आठवत होता, काहींनी पडत्या भावात विकल्या आणि काही नुसत्या टाकून दिल्या, मग शेजारच्या गोऱ्याने कर भरायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी मालक झाला! आणि हे चाललं कुठवर तर जानेवारी १९८७ मध्ये तिथे समतेचा मोर्चा निघाला त्यावर दगड पडले, पुढच्या आठवड्यात वीसेक हजार माणूस मोर्चाला आलं. १९८७ म्हणजे माझ्या आईचं कॉलेज चालू होतं तेव्हा.

तर यातलं कुठलं? आणि @इंदिरानगर_ते_इलिनॉय दादा, वर्तमानपत्रं कशी शोधायची ते राहिलं.

---

जेलरोड_काका

फोरसिथवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मग तू नवीन काय घालणार? ॲना घे. आणि केरोला शेजारी ठेव, म्हणजे एकाच रेल्वेवरची दोन गावं अशी मांडणी होते. मी असतो तर हेच केलं असतं. लहान गाव, लहान काळ, १९०० ते १९३०, बस. सगळी अमेरिका कवेत घेऊ नकोस, एम.ए.चं डिझर्टेशन आहे.

---

इंदिरानगर_ते_इलिनॉय

काकांशी सहमत. आता पेपर.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका, फुकट, १९६३ पर्यंतचे पेपर. इलिनॉय विद्यापीठाचा स्वतःचा डिजिटल पेपरसाठा आहे तोही फुकट. (फोरसिथ घेतलंस तर जॉर्जियाचाही असाच आहे.) शोधताना आजचे शब्द टाकून काही मिळणार नाही, तेव्हा 'कलर्ड' आणि 'निग्रो' लिहायचे, तेच टाकावे लागतात, वाचताना कसंतरी होतं पण इलाज नाही. 'ऑर्डर्ड टू लीव्ह', 'वॉर्न्ड', 'नोटीस' हे शब्द सोबत टाक. आणि गावाच्या स्वतःच्या पेपरपेक्षा शेजारच्या गावाच्या पेपरात जास्त सापडतं, हे डोक्यात ठेव. आपल्या गावची भानगड कोण छापणार, पण दहा मैलांवरचा संपादक चवीने छापतो. शिवाय काळ्या लोकांचे स्वतःचे पेपर होते, शिकागो डिफेंडर १९०५ पासूनचा, असल्या बातम्या ते मुद्दाम छापायचे.

मशीनने वाचलेला मजकूर जुन्या छपाईत फार गडबडतो. 'कलर्ड'चं काहीही होतं. म्हणून घटनेची तारीख माहीत असेल तर सर्च सोडून दे आणि त्या आठवड्याचे अंक पानं उलटून बघ, आतल्या पानावर 'आसपासची गावं' असलं सदर असतं बारीक टायपात, दोन ओळीत येऊन जातं सगळं.

सॅनबॉर्नचे नकाशे विसरू नकोस. आगीचा विमा देणाऱ्यांसाठी केलेले, गावातलं एकेक घर, भिंत विटांची की लाकडाची ते रंगावरून कळतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यात कधी कधी काळ्यांचं चर्च किंवा काळ्यांची घरं असं लिहिलेलं असतं. १९०० च्या सुमाराच्या नकाशात चर्च आहे आणि पुढच्या नकाशात त्या जागी गोदाम आहे असं निघालं तर ते पान तुझ्या डिझर्टेशनचं सगळ्यात भारी पान होईल.

ग्रीन बुक सगळ्यांना माहीत असतं, व्हिक्टर ग्रीन या हार्लेमच्या पोस्टमनने १९३६ पासून काढलेलं, काळ्या प्रवाशाला कुठे जेवण-मुक्काम मिळेल ते सांगणारं, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने अंक टाकलेत. पण एखादं गाव त्यात नाही म्हणजे ते सनडाउन होतं असा निष्कर्ष काढू नकोस, कित्येक साध्या गावांची नावंही नाहीत त्यात.

मुलाखतींचं म्हणशील तर काउंटीच्या हिस्टॉरिकल किंवा जिनिऑलॉजी सोसायटीला ईमेल कर, बहुतेक निवृत्त मंडळी चालवतात, भारतातून मुलगी विचारतेय म्हटल्यावर उत्साहाने उत्तर देतात. लोवेनचा अनुभव असा की म्हातारी गोरी माणसं हे लपवत नाहीत, सरळ विचारलं की सरळ सांगतात, लपवते ती स्मरणिका. फक्त प्रश्न आरोपासारखा नको. "तुमच्या लहानपणी गावात काळी कुटुंबं होती का, नसतील तर लोक त्याचं काय कारण सांगायचे" एवढंच विचार आणि गप्प बस. जिवंत माणसांची नावं मात्र लिहू नकोस.

---

गोदाकाठची

सरांना १९१७ चा निकाल सांगितला. म्हणाले, "मग आधीच का नाही बोललीस," आणि ॲना-केरो मान्य झालं. १९०० आणि १९१० ची पानं उघडायला घेतलीयेत. एक अडचण, क्रॉनिकलिंग अमेरिकावर गावाचं नाव टाकलं की हजारो निकाल येतात आणि एकाचाही काही संबंध नसतो. असं का होतंय?

---

इंदिरानगर_ते_इलिनॉय

अगं नुसतं ॲना टाकलंस तर त्या काळातल्या सगळ्या ॲना नावाच्या बायका येणार, लग्न, बारसं, मयत, सगळं. सोबत 'जोन्सबरो' टाक, ते अगदी लागून असलेलं गाव, दोन्ही नावं एकत्र आली की बातमी तिथलीच. आणि तारखेत नोव्हेंबर १९०९ ते मार्च १९१० एवढंच ठेव.